जळालेला हँगर आणि त्याच्याभोवतीची बाग

या अंकात एकाच विषयावरील पत्रे निवडली आहेत. अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, बंद पडलेले लष्करी तळ आणि तेथील जुने विमान-हँगर (विमाने व वायुनौका ठेवण्याच्या अवाढव्य इमारती) यांचे सार्वजनिक उद्यानांत रूपांतर करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांविषयी वाचकांनी विचारले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या भागात राहतात, त्यामुळे प्रश्नांमागे प्रत्यक्ष पाहिलेले दृश्य आहे.

प्रश्न : मुलाकडे अर्व्हाइनला गेले असताना शेजारच्या टस्टिन गावात एक अवाढव्य लाकडी हँगर पाहिला. त्याच्यासारखाच दुसरा शेजारी होता, तो 2023 मध्ये जळाला आणि त्याच्याभोवती मोठी बाग होणार होती, असे मुलाने सांगितले. एवढ्या प्रचंड इमारती लाकडाच्या का बांधल्या आणि बाग का झाली नाही? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : आपण पाहिलेली वास्तू दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीतून उभी राहिली. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यालगत जपानी पाणबुड्यांचा धोका होता. किनाऱ्यावर तासन्‌तास संथपणे घिरट्या घालून समुद्र न्याहाळण्यासाठी अमेरिकी नौदलाने हेलियम भरलेल्या वायुनौका, म्हणजेच ब्लिम्प, वापरल्या. या वायुनौका वाऱ्यात उघड्यावर ठेवणे धोक्याचे असल्यामुळे त्यांना निवारा लागत असे, आणि एका छताखाली सहा वायुनौका मावतील असे दोन हँगर टस्टिन येथे 1942-43 मध्ये बांधले गेले. प्रत्येकाची लांबी सुमारे 1,088 फूट, रुंदी सुमारे 297 फूट आणि उंची सुमारे 178 फूट, म्हणजे सतरा मजली इमारतीएवढी होती. पोलाद रणगाडे आणि युद्धनौकांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे अभियंत्यांनी डग्लस फर या वृक्षाचे लाकूड निवडले, त्याला आग लवकर धरू नये म्हणून क्षारांची प्रक्रिया केली आणि त्याच्या कमानदार कैच्या एकापुढे एक उभ्या करून मध्ये एकही खांब नसलेले दालन तयार केले. देशभर या धाटणीचे सतरा हँगर बांधले गेले होते आणि जगातील सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे भव्य मनोरे आणि त्यांच्यामध्ये रुळांवरून सरकणारी दारे होती. युद्धाच्या धांदलीत, पर्यायी साहित्यातून इतके अचूक काम करणाऱ्या कारागिरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

युद्धानंतर 1949 मध्ये तळ बंद झाला. 1951 मध्ये कोरियाच्या युद्धामुळे तो मरीन दलाच्या हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा उघडला. दोन्ही हँगर 1975 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आले आणि 1993 मध्ये अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून मान दिला. मात्र 1991 मध्येच तळ बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि 1999 मध्ये सैन्य तेथून गेले. सुमारे 1,600 एकर जमिनीचा मोठा भाग टस्टिन शहराकडे आला, तेथे घरे, दुकाने आणि शाळा उभ्या राहिल्या. उत्तरेकडचा हँगर आणि त्याच्याभोवतीची सुमारे 85 एकर जमीन जिल्हा पातळीवरील उद्यानासाठी राखली होती.

बाग कधीच झाली नाही, कारण ही जमीन नौदलाच्याच नावे राहिली. तिच्याखालील भूजल प्रदूषित होते. ते स्वच्छ झाल्याखेरीज मालकी पूर्णपणे देता येत नव्हती, आणि जी जागा आपली नाही तिच्यावरील इमारतीच्या दुरुस्तीवर कोणती स्थानिक संस्था कोट्यवधी डॉलर खर्च करील? आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय विहीर खणायला कोणी धजत नाही, तसेच हे. ऑक्टोबर 2013 मध्ये उत्तरेकडच्या हँगरच्या छताचा एक भाग कोसळला आणि आत ठेवलेल्या प्रायोगिक वायुनौकेचे नुकसान झाले. तो स्पष्ट इशारा होता. त्यानंतर दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर, त्या हँगरला आग लागली.

सैन्य जाण्याचा क्षण आणि आग लागण्याचा क्षण यांच्यामध्ये टस्टिनला चोवीस वर्षांचा रिकामा काळ पडला. माझ्या मते तो हँगर खरा त्या काळातच गेला. आगीने केवळ शेवट केला.

प्रश्न : अग्निशमन दलाने तो हँगर जळू दिला, असे वाचले. हे खरे आहे का? आणि एका जुन्या लाकडी इमारतीच्या आगीमुळे आसपासच्या शाळा का बंद कराव्या लागल्या? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सुरुवातीला हेलिकॉप्टरांतून पाणी टाकून पाहिले गेले, परंतु इतक्या उंच आणि लांब लाकडी कमानींमध्ये पसरलेली आग जमिनीवरून आटोक्यात येणे शक्य नव्हते, आणि कोसळत्या छताखाली जवानांना पाठवणे म्हणजे त्यांचा जीव पणाला लावणे होते. म्हणून इमारत जळून कोसळू द्यावी आणि आसपासचा भाग सांभाळावा, असे ठरले. तो निर्णय मला योग्य वाटतो. इमारत कितीही मोलाची असली, तरी जवानाच्या प्राणापेक्षा ती मोलाची नसते. पुढील काही आठवडे ढिगारा मधूनमधून पुन्हा पेटत राहिला.

शाळा बंद करण्याचे कारण अ‍ॅस्बेस्टॉस होते. त्या काळातील बांधकामात छतासाठी आणि भिंतींसाठी अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त पत्रे सर्रास वापरले जात आणि रंगात शिसे असे. आगीच्या धगीने या पदार्थांचे तुकडे उंच उडाले आणि वाऱ्याबरोबर घरांच्या अंगणांत, बागांत, शाळांच्या मैदानांवर येऊन पडले. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि त्यांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतात, त्यामुळे प्रशिक्षित कामगारांकडून तुकडे वेचून घेईपर्यंत मुलांना दूर ठेवणे आवश्यक होते. याच कारणामुळे जुन्या हँगरची राखण हा केवळ वारसाप्रेमींचा प्रश्न समजू नये. शेजारच्या प्रत्येक घराच्या आरोग्याशी तो जोडलेला आहे.

प्रश्न : सरकारचीच जमीन सरकारच्याच दुसऱ्या विभागाला बागेसाठी द्यायची, तर त्याला वीस-पंचवीस वर्षे का लागतात? (एक निवृत्त महसूल कर्मचारी, ठाणे)

उत्तर : आपण महसूल खात्यात काम केले असल्यामुळे हा प्रश्न आपण विचारावा हे स्वाभाविक आहे. तळ बंद करण्याचा निर्णय झाला की जमीन प्रथम केंद्रातील अन्य खात्यांना विचारली जाते, मग बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा विचार होतो आणि स्थानिक संस्था पुनर्वापराचा आराखडा करते. उद्यानासाठी जमीन हवी असल्यास राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मार्फत ती विनामूल्य किंवा सवलतीने मिळू शकते, मात्र ती कायमची उद्यान म्हणूनच ठेवावी लागते. एवढे सगळे दोन-चार वर्षांत उरकता येते.

खरा अडसर जमिनीच्या पोटात असतो. विमानांच्या सुट्या भागांवरील वंगण काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावक अनेक दशके वापरले गेले. ते सांडत, झिरपत भूजलात उतरले. टस्टिनच्या शेजारी एल टोरो हा मरीन दलाचा मोठा हवाई तळ होता. तेथील या द्रावकाचा लोंढा तळाची हद्द ओलांडून सुमारे तीन मैल अर्व्हाइन शहराखाली पसरला होता आणि 1990 मध्ये तो तळ देशातील सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या यादीत घातला गेला. ते पाणी आज विहिरींतून उपसून, शुद्ध करून झाडांना दिले जाते. जमीन हस्तांतरित करण्यापूर्वी केंद्र सरकारने आवश्यक ती स्वच्छता केली पाहिजे, असा कायदा आहे. काही सवलती आहेत, तरी नियम तोच, आणि तो असलाच पाहिजे. विषारी जमीन मुलांच्या खेळासाठी देऊन टाकणे ही लबाडी ठरली असती. माझी तक्रार कायद्याविषयी नाही. पाणी शुद्ध होत असताना वरची इमारत कोणी सांभाळायची, हे त्यात पुरेशा ताकदीने बांधलेले नाही, याविषयी आहे.

एल टोरोविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती लोकांच्या निर्धाराची आहे. तळ 1999 मध्ये बंद झाल्यावर तेथे प्रवासी विमानतळ करावा असा मोठा आग्रह होता. मार्च 2002 मधील मतदानात ऑरेंज काउंटीच्या, म्हणजे टस्टिन आणि अर्व्हाइन ज्या जिल्ह्यात येतात त्या जिल्ह्याच्या, नागरिकांनी विमानतळ नाकारून उद्यानाच्या बाजूने कौल दिला. पुढे 2005 मध्ये बरीच जमीन सुमारे 65 कोटी डॉलरना विकासकाला विकली गेली आणि उद्यानाचा बेत त्या विकासकाकडून मिळणाऱ्या पैशांना बांधला गेला. घरबांधणी व्यवसायावर मंदी आली, तेव्हा उद्यानही रेंगाळले. मतपेटीतून निघालेला निर्णय घरांच्या खपावर अवलंबून ठेवावा लागला, हे मला अजूनही खटकते.

प्रश्न : मी सनीव्हेलमध्ये राहते. आमच्या जवळचा मॉफेट फील्डवरील हँगर वन कित्येक वर्षे नुसता सांगाडा म्हणून उभा होता. त्याचे काय? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : तो हँगर लाकडी नसून पोलादी आहे. 1933 मध्ये ‘मेकॉन’ या महाकाय वायुनौकेसाठी तो बांधला गेला, आणि ती वायुनौका फेब्रुवारी 1935 मध्ये समुद्रात कोसळली. हँगरच्या बाह्य पत्र्यांतून पीसीबी नावाची घातक रसायने जवळच्या पाणथळीत झिरपत असल्याचे आढळल्यावर नौदलाने सर्व पत्रे उतरवले. इमारत पाडून टाकण्याचाही विचार होता. नागरिकांनी सभा घेऊन, पत्रे लिहून, वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ती वाचवली. 2014 मध्ये, त्या जागेचा ताबा असलेल्या नासाने गूगलच्या उपकंपनीबरोबर 60 वर्षांचा भाडेकरार केला आणि नव्या आवरणाची जबाबदारी भाडेकरूवर आली. हे उद्यान नव्हे, याची मला खंत आहे. तरीही इमारत उभी आहे, आणि उभ्या इमारतीविषयी पुढची पिढी वेगळा निर्णय घेऊ शकते.

प्रश्न : हे सगळे निराशाजनक आहे. लष्करी धावपट्टीची खरोखर चांगली बाग झाली, असे एकही उदाहरण नाही का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आहे, आणि खाडीकाठच्या वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गोल्डन गेट पुलाच्या पायथ्याशी क्रिसी फील्ड आहे. तेथे मुळात भरती-ओहोटीचे खाजण होते. मूळचे ओहलोनी लोक त्याच्या काठी शंख-शिंपले गोळा करत. 1915 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते खाजण भराव टाकून बुजवले गेले आणि त्यावर 1921 च्या सुमारास लष्कराची धावपट्टी झाली. जून 1924 मध्ये रसेल मॉघन हा वैमानिक पहाटे न्यूयॉर्कजवळून निघून सूर्यास्ताच्या सुमारास याच गवताळ पट्टीवर उतरला होता. पुढे गवत गेले, डांबर आले आणि 1974 मध्ये विमानांची ये-जा थांबली. 1994 मध्ये, क्रिसी फील्ड ज्याचा भाग आहे तो प्रेसिडिओ हा संपूर्ण लष्करी तळ राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला.

येथे दोन आठवणी एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. निसर्गप्रेमींना खाजण हवे होते आणि इतिहासप्रेमींना धावपट्टी. रचनाकारांनी दोन्ही ठेवले. सुमारे 70 एकर डांबर-काँक्रीट उखडले, दूषित माती हलवली, सुमारे 20 एकरांचे खाजण खोदले, आणि त्यातून निघालेली माती शेजारी पसरून 28 एकरांची गवताळ धावपट्टी पूर्वीच्या रूपात उंचावली. हजारो स्वयंसेवकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, सुमारे एक लाख स्थानिक रोपे लावली. नोव्हेंबर 1999 मध्ये वाळूचा बांध फोडून समुद्राचे पाणी आत घेतले आणि 2001 मध्ये उद्यान खुले झाले. जुने हँगरही पाडले नाहीत. त्यांत आज गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंती आणि मुलांच्या खेळाच्या जागा आहेत. भाड्याने वापरात असलेल्या इमारतीचे छत गळले की त्याच दिवशी कोणीतरी तक्रार करतो, रिकाम्या इमारतीला ते भाग्य नसते.

पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक केली होती. 1996 च्या कायद्याने प्रेसिडिओचा बहुतांश भाग एका स्वतंत्र न्यासाकडे दिला आणि 2013 पर्यंत तो स्वतःच्या उत्पन्नावर चालला पाहिजे, अशी अट घातली. जुन्या बराकी आणि अधिकाऱ्यांची घरे भाड्याने देऊन न्यासाने ती अट पूर्ण केली. भाडे वसूल करणारे राष्ट्रीय उद्यान ही कल्पना सर्वांना रुचत नाही, पण टस्टिनची राख पाहिल्यावर मी तिच्या बाजूने आहे.

एक उणीव मात्र राहिली आहे. खाजण लहान असल्यामुळे ओहोटीच्या पाण्याला स्वतःचे मुख साफ ठेवण्याइतका जोर नसतो. लाटा वाळू आणून टाकतात, दांडा तयार होतो, मुख बुजते आणि यंत्रे आणून ते पुन्हा मोकळे करावे लागते. कोकणातील कोणत्याही कोळ्याने हे आधीच सांगितले असते. डिसेंबर 2020 मध्ये वरच्या बाजूच्या ओढ्याशी खाजणाला जोडणारा आणखी एक पाणथळ भाग खुला करण्यात आला, म्हणजे उद्यान उघडून जवळजवळ वीस वर्षे झाल्यावरही त्याची रचना सुधारत नेली जात आहे.

प्रश्न : टस्टिनमध्ये आता जो एक हँगर उरला आहे, त्याचे काय करावे असे आपल्याला वाटते? (वरील नाशिकच्या भगिनींचाच पुढील प्रश्न)

उत्तर : सर्वप्रथम त्याच्या आत आग शोधणारी आणि विझवणारी यंत्रणा बसवावी, आणि चोवीस तास पहारा ठेवावा. बागेचा आराखडा त्यानंतर करता येईल. याच धाटणीचा एक हँगर ओरेगन राज्यातील टिलामुक येथे 1992 मध्ये, आत गवताच्या गंज्या साठवलेल्या असताना, जळाला. त्याच्या शेजारचा हँगर मात्र आज हवाई संग्रहालय म्हणून वापरात आहे आणि लोक आत जाऊन मान वर करून त्या कैच्या पाहतात. टस्टिनलाही संपूर्ण निधी जमेपर्यंत थांबण्याची गरज नाही. हँगरच्या एखाद्या टोकाचा लहान भाग सुरक्षित करून आठवड्यातून दोन दिवस जरी शाळांसाठी उघडला, तरी त्या इमारतीत नियमित माणसे येऊ लागतील. पुढच्या वेळी मुलाकडे जाल, तेव्हा नगरपरिषदेच्या बैठकीला त्याला बरोबर घेऊन जा. तेथील बैठकांत रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्यासाठी काही मिनिटे दिली जातात.