दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या गरीब कुटुंबाला शाश्वत शेती परवडते का, की ती पैसेवाल्यांची हौस आहे?

सगळं रान एका झटक्यात 'सेंद्रिय' करायला निघालात, तर नाही परवडत. सोयाबीनच्या पैशावर दुकानाची उधारी फिटते, पोरांची फी भरली जाते. ते कुणाच्या भाषणावरून मोडू नका. पण त्यातला अर्धा-एक एकर घरच्या खाण्यासाठी ठेवला, तर परवडतं.

आमच्या धाराशिव-लातूरकडं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना धरून हेच केलं. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेना, एकरभर तुकडा बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिनंच ठरवायचं. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेच हे साल.

पेरायचं काय? खरिपात मूग, उडीद, तूर, कडेनं अंबाडी, तिळाच्या दोन ओळी, बांधावर भोपळा. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो; ते रान तयार करून तिथंच रब्बीची ज्वारी. त्यातली माळदांडी ही जात भारी, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते. सरळ वाण आहे, हायब्रीड नाही, त्यामुळं टपोरी कणसं बाजूला काढली की पुढच्या सालचं बी घरातच. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, भाकरी-भाताची सोय होते हो, पण वरण कुठून आणणार? ते या तुकड्यातून येतं.

खरी गोम मात्र कडब्यात, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या वैरणीत आहे. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की जनावरं बाजारात, आणि शेण संपलं की खताच्या पोत्यासाठी पुन्हा उधारी. सोयाबीनच्या भुसकटावर बैलजोडी जगत नाही. त्यामुळं मी तर म्हणेन, शाश्वत शेतीची सुरुवात जीवामृताच्या (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खताच्या) ड्रमापासून करू नका, वैरणीपासून करा.

अडचणी आहेतच. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, हुरड्यात आली की पाखरं राखावी लागतात, आणि हरणांचा कळप शिरला तर विचारूच नका. जमीन हलकी, मुरमाड असेल तर रब्बीच्या ज्वारीचा नाद सोडा. पावसाळ्यात बाजरी घ्या, जोडीला मटकी नाहीतर हुलगा. बाजारात हुलग्याला कुणी फार विचारत नाही, पण घरात हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांना कोण नाही म्हणतंय?