केटलच्या तळाला चिकटलेला पांढरा थर

प्रश्न: ताई, आमच्या इलेक्ट्रिक केटलच्या तळाला पांढरा खरखरीत थर बसलाय आणि पाणी उकळलं की त्याचे पापुद्रे सुटून कपात येतात. एका व्हिडिओत बघून बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं, फेस भरपूर आला पण थर आहे तसाच! केमिकलवालं काही नकोय, घरातलंच काहीतरी सांगा ना.

उत्तर: तो फेस सोडा आणि व्हिनेगर आपसात भिडल्याचा होता हो, थराला कुणी हातही लावला नाही. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की ते मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तळाला धरून बसतं. ते सोडवायला आंबट काहीतरी लागतं, आणि सोडा म्हणजे आंबटाचा मारेकरी. दोन्ही एकत्र टाकलं की व्हिनेगरचा सगळा आंबटपणा सोड्यावरच खर्च होतो, मग थरासाठी उरतं काय? व्हिडिओत दिसायला भारी दिसतं एवढंच.

मला विचाराल तर लिंबूसत वापरा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबातलं आंबट तेच, आणि वासाची कटकट नाही. अर्धा लिटर पाणी उकळवा, प्लग काढा, थोडं निवू द्या आणि मग एक मोठा चमचा लिंबूसत टाका, अगदी उकळत्यात टाकलंत तर भसकन फेस वर येऊन ओट्यावर सांडेल. आता जरा आत डोकावून बघा, थरावरनं बारीक बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतील, ते दिसले की समजायचं काम सुरू झालं. अर्धा तास तसंच राहू द्या. लवकर व्हावं म्हणून तेच पाणी परत परत उकळत बसू नका, कारण जास्त तापवलं तर कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच पांढरा गाळ धरतो आणि मग तो काढत बसायचं. थर जाड असेल तर ते पाणी ओतून द्या आणि नवीन लिंबूसत घालून परत करा. शेवटी साधं पाणी एकदोनदा उकळून फेकून द्या.

लिंबूसत नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, चालतं, फक्त वास जायला जास्त वेळा साधं पाणी उकळावं लागतं. ताज्या लिंबाचा रसही चालतो पण गाळून घ्या, नाहीतर गर जाळीत अडकतो, आणि जुना जाड थर असेल तर रस बराच लागतो.

स्टीलच्या घासणीने खरवडायचं मात्र नाही हं! ओरखड्यांत थर अजून घट्ट धरतो. आणि केटल धुवायला पाण्यात बुडवायची नाही, खाली वायरिंग असतं.

प्रश्न: चोचीजवळच्या जाळीत पण पांढरं अडकलंय, तिथे पाणी पोचतच नाही, काय करू?

उत्तर: बऱ्याच केटलची जाळी ओढली की निघते. काढून वाटीत लिंबूसताच्या कोमट पाण्यात टाका, मग जुन्या टूथब्रशने हलकेच घासा.

प्रश्न: आत तपकिरी डागही आहेत. गंज लागलाय का? ब्लीच टाकून बघू?

उत्तर: ब्लीच अजिबात नको, त्यात चुकून लिंबू किंवा व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो विषारी असतो. तपकिरी डाग बहुतेकदा पाण्यातल्या लोहाचे असतात, तेही लिंबूसताने निघतात. निघाले नाहीत आणि बोटाला खड्डे लागत असतील तर मग धातूच खाल्ला गेलाय, अशी केटल बदललेली बरी.

आणि रात्री केटलमध्ये उरलेलं पाणी तसंच ठेवत असाल तर ते आधी बंद करा, ओतून झाकण उघडं ठेवा, थर बसायला बराच वेळ लागेल.