एम३ ते एम८ स्क्रूंच्या नाजूक असेंब्लीसाठी कोणता टॉर्क पाना घ्यावा?

तुमचं काम एम३ ते एम८ (म्हणजे ३ ते ८ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूंचं, भाग काही स्टीलचे, काही अ‍ॅल्युमिनियमचे. आणि तुम्ही विचारताय की १०० न्यूटन-मीटरपर्यंतचा एकच चांगला डिजिटल टॉर्क पाना घेतला तर सगळं भागेल का. (टॉर्क म्हणजे आवळताना लागणारा पिळाचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.) नाही भागणार. त्याच पैशात दोन लहान हत्यारं घ्या: साधारण १ ते ५ न्यूटन-मीटरचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर आणि ५ ते २५ चा क्लिक पाना, म्हणजे ठरलेल्या टॉर्कला खटका देणारा.

हे मी नुकसान करून शिकलो. सुरुवातीला माझ्याकडे १० ते ५० चा एकच क्लिक पाना होता. एका छोट्या स्पिंडलच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगवर एम४ चे सहा स्क्रू आवळायचे होते, टॉर्क हवा होता अडीच न्यूटन-मीटर. मूठ शेवटच्या खुणेच्याही खाली फिरवली आणि म्हटलं, चालवून घेऊ. चार बसले. पाचव्याला खटका येईना. येईल, येईल म्हणत ओढत राहिलो आणि एकदम हात हलका झाला. स्क्रू काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक तार गुंडाळलेली. भोकातले आटेच्या आटे सोलून बाहेर आले होते. मग भोक मोठं करा, टॅप मारा (म्हणजे नवे आटे पाडा), तारेचा इन्सर्ट बसवा, सगळा दिवस त्यातच गेला. पाना मात्र अगदी नवा होता, त्यात काहीही बिघाड नव्हता.

क्लिक पान्यात आतली स्प्रिंग एका छोट्या ठोकळ्याला दाबून धरते. टॉर्क ठरलेल्या आकड्याला पोचला की तो ठोकळा कलंडतो आणि हाताला टिचकी लागते. क्षमतेच्या खालच्या टोकाला स्प्रिंग जवळजवळ सैल असते, त्यामुळे टिचकी इतकी मंद लागते की कळतच नाही, आणि आतल्या भागांचं घर्षणच हिशोब बिघडवतं. म्हणूनच आयएसओ ६७८९ या टॉर्क पान्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात तपासणी कमाल क्षमतेच्या साधारण २० टक्क्यांपासून सुरू होते. तुमचं रोजचं काम पान्याच्या क्षमतेच्या मधल्या भागात पडलं पाहिजे, एवढं एक पाहिलंत तरी निम्मी निवड झाली. अंदाजासाठी सांगतो: ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे स्क्रूच्या स्टीलची ताकद) एम३ स्क्रू सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपास, एम४ तीन, एम६ दहा आणि एम८ पंचवीसच्या आसपास घेतो, तेही स्टीलमध्ये. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे किती खोल आहेत त्यावर आकडा खाली येतो. ड्रॉइंगवर टॉर्क दिला असेल तर माझे हे आकडे विसरा.

आता डिजिटलचं. स्क्रीनवर ५.०२ दिसलं की माणसाला वाटतं, किती अचूक! पण माहितीपत्रकात ‘±१ टक्का’ लिहिलं असेल तर तो वाचलेल्या आकड्याचा की पूर्ण क्षमतेचा, हे नीट बघा. १०० न्यूटन-मीटरच्या पान्यावर पूर्ण क्षमतेचा १ टक्का म्हणजे १ न्यूटन-मीटर. तुम्ही ५ वर काम करत असाल तर ही चूक २० टक्क्यांची झाली. साध्या क्लिक पान्याला मानकाची मर्यादा कमाल क्षमता १० न्यूटन-मीटरच्या वर असेल तर ±४ टक्के, नाहीतर ±६ टक्के आहे, आणि ती लावलेल्या आकड्यावर. म्हणजे लहान क्षमतेचा साधा पाना मोठ्या डिजिटलला तुमच्या कामात सहज मागे टाकतो. प्रत्येक बोल्टची नोंद ठेवायची असेल किंवा टॉर्क लागल्यावर स्क्रू ठरावीक अंशांनी आणखी फिरवायचा असेल, तर डिजिटल घ्या, नुसत्या स्क्रीनसाठी नको.

स्क्रूड्रायव्हर मात्र ठरलेल्या टॉर्कला घसरून मोकळा फिरणारा घ्या. क्लिक पाना टिचकीनंतरही ओढत राहिलात तर आवळतच जातो, घसरणारा जात नाही. एम३ च्या स्क्रूला मनगटाची एवढीशी चूकही महागात पडते. बिट चांगले घ्या, हे वेगळं सांगायला नको.

कंपन्यांची नावं विचारलीत: जर्मनीच्या स्टाहलविले, गेडोर, वेरा, वीहा, इंग्लंडची नॉरबार, जपानची तोहनिची. यांतलं कुठलंही चालेल. नावापेक्षा मी सोबतचं कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) प्रमाणपत्र आधी उघडतो. त्यावर त्याच पान्याचा सिरियल नंबर आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवेत. नुसतं ‘तपासले, योग्य’ असं छापलेलं कार्ड असेल तर ते फक्त कार्ड आहे. जुना पाना स्वस्तात मिळाला तरी आधी तपासून घ्या, कारण त्या पान्याने नट सोडवायचं, म्हणजे अचूकता बिघडवणारं, कामही केलेलं असू शकतं.

एक गोष्ट बरेचजण सोडून देतात. आपल्याला खरा हवा असतो तो स्क्रूचा ताण, टॉर्क हा त्याचा फक्त अंदाज. लावलेल्या टॉर्कमधला जवळजवळ ५० टक्के डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताणाच्या वाट्याला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणून कोरड्या स्क्रूचा आकडा धरून त्याच स्क्रूला तेल लावलंत, तर घर्षण कमी होऊन ताण कितीतरी वाढतो आणि स्क्रू तुटू शकतो. पाना ±४ टक्क्यांचा असला तरी अशा ठिकाणी ताणात २५-३० टक्क्यांचा फरक सहज पडतो. आटे पुसा, तेल लावायचं तर सगळ्यांना सारखं लावा.

वापरताना मुठीच्या मधोमध धरा, सावकाश ओढा, टिचकी एकदाच. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा टिचकी वाजवणारे मी रोज पाहतो, त्यांचा स्क्रू दरवेळी थोडा जास्त आवळला जातो. पाना सरळ दिशेने लांबवणारा अ‍ॅडॉप्टर लावलात तर आकडा बदलावा लागतो: ३०० मिलिमीटरच्या पान्याला ३० मिलिमीटरची वाढ जोडली, तर १० न्यूटन-मीटरसाठी पाना ९.१ वर लावायचा. अ‍ॅडॉप्टर काटकोनात लावला तर आकडा जवळपास तोच राहतो. काम झालं की क्लिक पाना सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवा, त्याखाली नको. आणि वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरून झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशनला पाठवा.

तुमचे एम३ स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये किती आटे धरतात आणि ग्रेड काय आहे, ते लिहा. त्यावरून स्क्रूड्रायव्हर १ ते ५ चा घ्यायचा की त्याहून खालचा, हे ठरेल.