कलमं पाठ आहेत, ताळेबंदाचं काय?

“सर, कॉर्पोरेट फायनान्स म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांचं काम ना?” खान्देशातली कायद्याची मुलं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. एरंडोलकडच्या एका विद्यार्थिनीनं तो अहिराणीत विचारला, “माले जमी का?” तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, तिची गोष्ट सांगतो.

बी.कॉम. करून ती एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आलेली. वडील जिनिंगमध्ये मुनीम. सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात बसावं, असं घरच्यांचं म्हणणं. तिला मात्र दिवाळखोरी आणि कर्जाच्या पुनर्रचनेचं काम करायचं होतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा शिक्का नाही आणि इंग्रजी अडखळतं, या दोन गोष्टींनी तिची झोप उडवली होती.

2016 ची दिवाळखोरी संहिता तिला चांगली येत होती. बँकेसारख्या कर्ज देणाऱ्या वित्तीय धनकोसाठी कलम 7, माल-सेवा पुरवणाऱ्यासाठी कलम 9, वसुली आणि दावे थांबवणारी कलम 14 ची स्थगिती, कंपनी सावरण्याची योजना मंजूर व्हायला धनको समितीची 66 टक्के मतं, सगळं धडाधड सांगितलं. मग मी तिच्यापुढे एका कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवला. “नफा दिसतोय, मग बँकेचा हप्ता का थकला?” ती गप्प झाली. तिची खरी उणीव इथे होती, आणि तिचा शिक्क्याशी काही संबंध नव्हता. आपल्या बहुतेक वर्गांत कलम शिकवतात, पण ज्या पैशासाठी ते कलम लिहिलं, तो पैसा फिरतो कसा हे कुणी दाखवत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी तिला पुस्तक दिलं नाही. “बाबांना विचार, बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्या-देण्यांचा तक्ता, कसा देतात,” एवढंच सांगितलं. पुढच्या भेटीत ती वहीत हिशोब मांडूनच आली. समजा माल 80 लाखांचा, येणी 40 लाख, मालाची देणी 20 लाख. उरले 100 लाख. 25 टक्के मार्जिन, म्हणजे धंद्यानं स्वतः घालायचा वाटा, वजा जाता उचल मिळते 75 लाखांची, कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मंजुरी एक कोटीची असली तरी. तीन महिन्यांपुढची येणी बँक सहसा धरतच नाही. म्हणजे व्यापाऱ्यांनी पैसे अडवले की कागदावरचा नफा तसाच राहतो, उचल मात्र आटते आणि हप्ता चुकतो. वार्षिक अहवालातल्या प्रश्नाचं उत्तर तिला मुनिमाच्या वहीत सापडलं होतं.

मग बँकेचं कर्ज-मंजुरीपत्र वाचायला घेतलं. मालावर नजरगहाण (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून दिलेलं तारण) कुठे, जमिनीवर गहाण कुठे, मालकाची वैयक्तिक हमी कोणत्या शब्दांत. कंपनीच्या वैयक्तिक हमीदारांना संहिता 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये ते वैध ठरवलं. हे पाठ असणं वेगळं आणि मंजुरीपत्रात हमीच्या ओळीखाली सही पाहणं वेगळं.

कर्जाची पुनर्रचना म्हणजे संहितेखाली कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाणंच, हाही तिचा समज होता. पण ती न्यायाधिकरणाबाहेरही होते. जळगावच्याच जैन इरिगेशनच्या कर्जाची पुनर्रचना रिझर्व्ह बँकेच्या 7 जून 2019 च्या चौकटीत झाली आणि मार्च 2022 मध्ये अमलात आली. त्या चौकटीत मूल्यानं 75 टक्के आणि संख्येनं 60 टक्के धनको राजी झाले की त्यांचा निर्णय बाकीच्या धनकोंनाही बांधतो. कंपनीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. तिनं त्यातल्या कर्जाच्या टिपा दोन-दोनदा वाचून काढल्या.

इंग्रजीबद्दल मी तिला खोटा धीर दिला नाही. हे काम इंग्रजीतच चालतं. म्हणून दर आठवड्याला एका निकालावर एक पान इंग्रजीत लिहायचं ठरलं. पहिला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 2017 चा, मोबिलॉक्स कंपनीच्या प्रकरणातला होता. त्यानुसार थकबाकीच्या मागणीची नोटीस येण्याआधीच मालाबद्दल किंवा बिलाबद्दल खरा वाद असेल, तर कलम 9 चा अर्ज टिकत नाही. मी तिला कल्पित प्रकरण दिलं. जळगाव एमआयडीसीतल्या पाइपवाल्याकडे माल पुरवणाऱ्याचे सव्वा कोटी थकलेत, पण खराब मालाची तक्रार करणारा पाइपवाल्याचा ई-मेल नोटिशीच्या महिनाभर आधीचा आहे. तिनं आधी नोटिशीची आणि ई-मेलची तारीख शेजारी-शेजारी लिहिली, कलम नंतर. ते पान वाचून मी निश्चिंत झालो.

मोठ्या फर्म कॅम्पसवर ठराविक विद्यापीठांतच जातात, हेही तिला स्पष्ट सांगितलं. पण काम तेवढ्यातच नाही. नादारी व्यावसायिक, म्हणजे दिवाळखोरीतल्या कंपनीची प्रक्रिया चालवणारा माणूस, म्हणून नोंदणीसाठी वकिलाला साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो. त्याच्या हाताखाली काम करायला मात्र आकडे वाचणारी, कागद नीट लावणारी नवी माणसं आजही हवी असतात. चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, बँकांची वकिली, कर्जवसुली न्यायाधिकरण, या वाटाही आहेत. मी तिला सनदेआधी सहा महिने सीएकडे बसायला लावलं. घरी नाराजी होती. वडील आले तेव्हा त्यांना एवढंच म्हटलं, “दादा, तुमचंच काम ती कायद्याच्या बाजूनं शिकतेय.”

सध्या ती पुण्यात एका नादारी व्यावसायिकाच्या टीममध्ये आहे. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांचे फॉर्म डी, म्हणजे थकीत पगाराच्या दाव्याचे अर्ज, तपासते. लिक्विडेशन, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकणं, झालंच, तर कामगारांची आधीच्या 24 महिन्यांची देणी, तारण सोडून देणाऱ्या सुरक्षित धनकोच्या बरोबरीनं, कलम 53 मध्ये पैसे वाटण्याच्या क्रमात वरच्या रांगेत येतात. म्हणून पगारपत्रकाचा एकेक महिना ती हजेरीशी ताडून पाहते.