वाचकांचे प्रश्न : प्रार्थनेत सुचलेला प्रसंग आणि दप्तरातली नोंद

प्रश्न : मी ख्रिस्ती श्रद्धावंत असून गेली काही वर्षे एका ऐतिहासिक कादंबरीवर काम करीत आहे. अठराव्या शतकात गुलामांची ने-आण करणाऱ्या एका इंग्रजी जहाजावरील खलाशी वादळात सापडतो, देवाचा धावा करतो आणि वाचल्यावर लगेच तो व्यापार कायमचा सोडतो, असे कथानक आहे. लिहायला बसण्यापूर्वी मी प्रार्थना करतो. पुष्कळदा एखादा प्रसंग इतका स्पष्ट डोळ्यांसमोर उभा राहतो की तो देवानेच दिला असे वाटते; नंतर संदर्भ वाचताना मात्र त्यातले काही त्या काळाशी जुळत नाही असे आढळते. प्रार्थनेत जे सुचले त्यावर मी किती विसंबावे?

उत्तर : लिहिण्यापूर्वीची प्रार्थना सोडण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो प्रार्थनेकडे आपण काय मागतो एवढाच. लूककृत शुभवर्तमानाची पहिली चार वचने आपण अनेकदा वाचली असतील. आता ती लेखक म्हणून पुन्हा वाचावीत. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी आधी अनेकांनी लिहून काढल्या आहेत, आपणही सगळ्याचा मुळापासून नीट शोध घेतला आहे आणि म्हणून थियफिलासाठी ते क्रमाने लिहीत आहोत, असे लूक तेथे सांगतो. आपल्याला दर्शन झाले म्हणून हे लिहिले, असा दावा तो करीत नाही. ज्या ग्रंथाला आपण देवप्रेरित मानतो त्याचा लेखकच चौकशी आणि साक्षीदार यांचा हवाला देत असेल, तर प्रार्थनेत सुचलेला प्रसंग तपासून पाहणे हा अविश्वास ठरत नाही.

प्रसंग स्पष्ट दिसला म्हणून तो खरा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे लागेल. जे आपण वारंवार ऐकलेले असते ते सर्वांत ठळक दिसते, आणि मंडळीत वाढलेल्या माणसाने सर्वांत जास्त ऐकलेली गोष्ट म्हणजे साक्ष : आधीचे अंधारातले आयुष्य, मग संकटाची एक रात्र, आणि दुसऱ्या सकाळी बदललेला माणूस. आपला खलाशी वादळानंतर लगेच व्यापार सोडतो तो याच साच्यामुळे, असा माझा तर्क आहे. साक्ष सांगणारा खोटे बोलत नाही. तो मागे वळून पाहतो आणि मधली वर्षे गाळतो. कादंबरीकाराला नेमकी तीच मधली वर्षे हवी असतात.

आपण निवडलेल्या काळात अशी मधली वर्षे तपशीलवार हाती लागणारा एक माणूस आहे, आणि त्याचे चरित्र टाळून आपल्याला पुढे जाता येईल असे वाटत नाही. जॉन न्यूटन १७४८ च्या मार्च महिन्यात ग्रेहाउंड नावाच्या जहाजावर वादळात सापडला, देवाचा धावा करून वाचला आणि तो दिवस पुढे आयुष्यभर पाळत राहिला. येथपर्यंत आपली कथा आणि त्याचे चरित्र हातात हात घालून चालतात. त्यानंतर मात्र तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी झाला, पुढे ड्यूक ऑफ आर्गाइल आणि मग आफ्रिकन या जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्याच व्यापारात राहिला. तो समुद्रावरून उतरला तोही सद्सद्विवेकाच्या टोचणीने नव्हे, अचानक आलेल्या आजारपणामुळे. १७६४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. आज जगभर गायले जाणारे त्याचे 'अमेझिंग ग्रेस' हे गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी तयार झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे त्याचे पत्रक निघाले ते १७८८ मध्ये, म्हणजे त्या वादळानंतर तब्बल चाळीस वर्षांनी.

त्याने कप्तान असताना ठेवलेली जहाजाची रोजनिशी उपलब्ध आहे आणि छापलेलीही आहे. ती आपण अवश्य मिळवून वाचावी, आणि एका बैठकीत वाचून संपवू नये. तिच्यात वारा, दिशा, शिडांची दुरुस्ती आणि सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरची खरेदी हे सगळे एकाच सुरात लिहिलेले आहे. गुलाम मेला की त्याचे नाव येत नाही, क्रमांक येतो. बंडाचा संशय आला तेव्हा काही मुलांना बेड्या घालून त्यांचे अंगठे लोखंडी शिकंज्यात दाबून कबुली घेतल्याची नोंद त्याच्याच हातची आहे. याच प्रवासांत तो खलाशांसाठी रविवारची उपासना चालवीत होता. पुढे स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना त्याने असेही सांगितले की वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासी होतो असे आपल्याला म्हणवत नाही. म्हणजे साक्षीचा सरळ साचा खुद्द साक्षीदारानेच पुरता मान्य केलेला नाही.

श्रद्धेचा उपयोग होतो तो येथे. श्रद्धा नसलेला लेखक अशा माणसाला ढोंगी ठरवून मोकळा होऊ शकतो. भाबडा श्रद्धावंत ती मधली सहा वर्षे झाकून टाकतो. माणूस पापी आहे, देवाची कृपा खरी आहे आणि तरीही ती कृपा माणसाचे डोळे एका रात्रीत उघडतेच असे नाही, या तीन गोष्टी एकदम धरून ठेवणे आपल्या विश्वासात बसते. दावीद राजाने उरीयाला मारवले हे शास्त्राने लपवले नाही, आणि पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले हे चारही शुभवर्तमानांत आहे. तेव्हा आपल्या नायकाला प्रार्थना करू द्या, त्याची प्रार्थना मनापासूनची असू द्या, आणि त्याच वेळी खालच्या तळघरात माणसे साखळदंडात असू द्या. वाचकाला हे सहन होणार नाही. होऊही नये.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण तिच्यावाचून ही कादंबरी एकांगी होईल. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असे आपण मानतो. मग ज्यांचे फक्त क्रमांक उरले त्यांच्याविषयी आपली जबाबदारी खलाशाविषयीच्या जबाबदारीपेक्षा मोठी आहे. त्यांना नावे देणे कल्पनेचे काम आहे, परंतु ती नावे वाऱ्यावरची नसावीत. जहाज कोणत्या किनाऱ्यावर थांबले, तेथे कोणत्या भाषा बोलल्या जात होत्या, ती माणसे कोणत्या मार्गाने किनाऱ्यापर्यंत आणली गेली, त्यांपैकी कितीजण मुस्लिम असू शकतील आणि कितीजण आपापल्या कुळाच्या देवतांना मानणारे, हे शोधावे लागेल. त्यांनी केलेल्या प्रार्थना आपल्या प्रार्थनांसारख्या नसतील, आणि त्या तशा नाहीत म्हणून त्यांना मुके ठेवता येणार नाही.

कामाच्या पद्धतीविषयी थोडेसे. प्रसंग सुचेल तसा लिहून काढावा, त्या वेळी हात अडवू नये. काही दिवसांनी मात्र समासात खूण करावी : हे नोंदीत आहे, हे नोंदीवरून अनुमानाने काढले आहे, हे माझे आहे. तिसऱ्या प्रकारातील मजकूर नोंदीशी भांडत असेल तर नोंदीला मान द्यावा, मग तो प्रसंग कितीही अश्रू आणणारा असो. अश्रू आणणाऱ्या प्रसंगांची तपासणी तर मी दुप्पट कडकपणे करीन. तारखांकडेही लक्ष असू द्या. इंग्लंडने १७५२ मध्ये नवी दिनगणना स्वीकारली तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला, आणि त्यापूर्वी तेथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. आपल्या खलाशाचे मार्चमधले वादळ जुन्या कागदांत त्यामुळे आदल्या वर्षाखाली सापडू शकते.

प्रश्न : मंडळीतील एका ज्येष्ठांच्या मते, होऊन गेलेल्या माणसांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेली वाक्ये घालणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. मी आरंभीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांवर लिहीत आहे आणि या बोलण्याने माझे लेखन थांबले आहे.

उत्तर : त्या ज्येष्ठांचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका, कारण तो फार जुना आहे. इसवी सन २०० च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावर लिहिताना रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील मंडळीच्या एका वडिलांची, म्हणजे पदाधिकाऱ्याची, हकीकत सांगितली आहे. त्यांनी प्रेषित पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांची कथा रचून ती खरी म्हणून पुढे केली. ते उघडकीस आले तेव्हा पौलावरच्या प्रेमापोटी आपण हे केले अशी त्यांनी कबुली दिली आणि त्यांना पद सोडावे लागले. भक्तीपोटी इतिहास रचणाऱ्याची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद क्वचितच मिळेल, आणि तिच्यात प्रेम ही सबब मान्य झालेली दिसत नाही.

पण त्या वडिलांचे चुकले कोठे, हे नीट पाहिले पाहिजे. प्रभूने सांगितलेला दयाळू शोमरोनी ही रचलेलीच व्यक्ती आहे आणि ती ऐकताना कोणाची फसवणूक होत नाही. असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा प्राचीन मंडळीतला धर्मपंडित ऑगस्टीन या विषयात अतिशय कठोर होता. जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये असे त्याचे मत. तरीही फसवण्याचा हेतू हा त्याने असत्याचा गाभा मानला आणि थट्टेला असत्यात धरले नाही. कादंबरी म्हणून छापलेली, कादंबरी म्हणून वाचली जाणारी कादंबरी खोटी साक्ष ठरत नाही. ती तशी ठरू लागते ती लेखक भाषणांतून आणि प्रस्तावनेतून 'हे सगळे असेच घडले' असे सुचवू लागला की. पुस्तकाच्या शेवटी चार पाने घालून काय आधाराचे आणि काय रचलेले ते स्वच्छ सांगावे. प्रकाशक ती पाने कापू पाहतील. कापू देऊ नका.

हुतात्म्यांच्या बाबतीत आपल्याला एक उत्तम नमुना मिळतो. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे २०३ मध्ये मारली गेलेली पर्पेच्युआ ही बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री होती. तुरुंगातील दिवसांचे वर्णन तिच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत आले आहे, आणि आखाड्यातल्या शेवटच्या दिवसापूर्वी ती थांबते : पुढे काय होईल ते ज्याला लिहायचे असेल त्याने लिहावे, अशा अर्थाचे ती म्हणते. मृत्यूचे वर्णन दुसऱ्याच्या हातचे आहे आणि ते तसे असल्याचे त्या ग्रंथात लपवलेले नाही. वडिलांविषयीची तिची कणव, बाळ जवळ असले की तुरुंगही वाड्यासारखा वाटणे, हे तिचे आहे. त्यात भर घालताना हात आखडता ठेवावा. तिच्याभोवतीचे पहारेकरी, शेजारी, ज्यांचा उल्लेखही नाही अशी माणसे यांच्यासाठी मात्र कल्पना मोकळी सोडता येईल. प्रभू येशूच्या तोंडी नवी वाक्ये घालू नयेत, असे माझे व्यक्तिगत मत आहे, आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

जाता जाता, हुतात्म्यांवरील कादंबऱ्यांत भुयारी दफनभूमींत लपून बसलेले ख्रिस्ती हमखास भेटतात. रोमची ती भुयारे मृतांना पुरण्याची जागा होती आणि अधिकाऱ्यांना ती ठाऊक होती. तेथे आपली पात्रे स्मरणदिनाला जमू द्या; राहायला पाठवू नका.

प्रश्न : माझ्या कादंबरीतील १४०० च्या सुमाराचा इंग्रज शेतकरी संकटात बायबलमधील वचने अध्याय व ओवीच्या क्रमांकासह म्हणतो. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची आहे आणि तिचे श्रेय सामान्यतः इंग्रज धर्मपंडित स्टीफन लँग्टनला दिले जाते. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएनच्या १५५१ च्या आवृत्तीत मिळाले. आपला शेतकरी बहुधा निरक्षर असेल, त्याच्या घरी ग्रंथ नसेल, आणि उपासनेत शास्त्रपाठ लॅटिनमध्ये होत असेल. त्याला येणारी प्रार्थना म्हणजे प्रभूची प्रार्थना, मरियेला नमन आणि विश्वासांगीकार, तीही बहुतेक कानांनी पाठ केलेली. देवाशी तो आपल्या शब्दांत बोलत नसेल असे नाही, पण आज प्रार्थनासभेत आपण जी वाक्ये सहज वापरतो ती त्याच्या तोंडी घालू नयेत. रोममध्ये १२१५ मध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेपासून वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची होती, तेव्हा संकटात त्याला आधी आठवेल तो धर्मगुरू, आणि राहून गेलेली कबुली. क्रमांक काढून टाका आणि तो प्रसंग तेथून पुन्हा लिहा.