ल्यू झीजुनवर लिहिणाऱ्या तुला

प्रिय मित्रा,

चीनचा माजी रेल्वेमंत्री ल्यू झीजुन याच्या उदयास्तावर लिहायला घेतलंस, फार चांगलं केलंस. तुझ्या टिपणात पहिल्याच ओळीत ‘३७४ घरांचा मालक’ असं आहे. ती ओळ काढ. ३७४ हा आकडा प्रकरणाच्या तपासात जप्त झालेल्या घरांचा म्हणून गाजला, आणि त्या प्रकरणात डिंग युशिन या व्यावसायिक बाईंची मालमत्ताही होती. ल्यूवर न्यायालयात सिद्ध झालेली लाच म्हणजे ६ कोटी ४६ लाख युआन. १९८६ ते २०११ या काळात अकरा जणांना बढत्या आणि कामं मिळवून दिल्याबद्दलची. घरांइतका हा आकडा चटकदार नाही, पण तो निकालातला आहे.

आता त्या आकड्याच्या पोटात शीर. त्यातले ४ कोटी ९० लाख एकट्या डिंगबाईंचे, आणि ते ल्यूच्या हातात पडलेच नाहीत. त्याच्या सांगण्यावरून बाईंनी ते खर्च केले. त्यातला मोठा हिस्सा चौकशीत अडकलेल्या रेल्वेच्याच एका बड्या अधिकाऱ्याला सोडवण्याच्या खटपटीत गेला. नोटांनी भरलेली बॅग शोधत बसलास तर हे प्रकरण तुला कळणारच नाही. दुसऱ्याच्या तिजोरीतून आपलं काम करून घेता येणं, हीच इथली लाच होती.

ती तिजोरी भरली कशी, यावर मात्र भरपूर लिही. डिंगबाई शान्शी प्रांतातल्या, कोळशाच्या मुलखातल्या. खाणीच्या तोंडाशी ढीग घालून ठेवलेल्या कोळशाला भाव नसतो. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मिळाली की त्याच कोळशाला भाव येतो. वाघिणी कुणाला किती द्यायच्या हे रेल्वे मंत्रालय ठरवायचं आणि मागणी कायम पुरवठ्याच्या पुढे. त्यामुळे वाघिणींचा कोटा मिळवून देणारी ओळख हीच मुळी विकाऊ वस्तू झाली. पुढे वेगवान रेल्वेची कामं निघाली तेव्हा तीच ओळख टेंडरांना लावली गेली. बाईंच्या खटल्यात २३ कंपन्या आणि ५७ कामं आली, दलाली ३०० कोटी युआनच्या वर. टेंडर काढणारं खातं सरकारी, काम घेणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्याही सरकारी, आणि मधे दलाल खासगी. वाचकाला वाटेल, सरकारचा पैसा सरकारकडेच राहिला. पण दलाली भरायची ती कामाच्या पैशातूनच, आणि पैसा कमी पडला की कात्री साहित्याला, मजुरीला किंवा तपासणीला लागते. ल्यूवर अधिकाराच्या गैरवापराचा जो दुसरा गुन्हा सिद्ध झाला, तो बाईंना वाघिणी आणि टेंडरं मिळवून देण्याच्या याच मदतीबद्दल. बाई आणि त्यांच्या नातलगांना त्यातून ३९० कोटी युआनचा फायदा झाला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये बाईंना वीस वर्षांची कैद आणि २५० कोटी युआन दंड झाला.

कारकिर्दीचा भाग आटोपशीर ठेव, पण नेमका ठेव. जन्म १९५३, हुबेई प्रांतातलं शेतकरी घर. १९७२ मध्ये वुहानकडे रुळांच्या देखभालीवरचा कामगार, २००३ मध्ये मंत्री. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग–त्यानजिन मार्ग ताशी ३५० किलोमीटरने सुरू झाला आणि २०१० अखेर वेगवान मार्ग ८,३५८ किलोमीटरवर गेले. हा माणूस नुसता खाबू होता असं लिहिशील तर ते खोटं ठरेल. रूळ खरे आहेत, गाड्या आजही धावतात. त्याच्यानंतर कमाल वेग ३०० वर आणला गेला आणि २०१७ मध्ये बीजिंग–शांघाय मार्गावर तो पुन्हा ३५० झाला. म्हणून ‘वेगाच्या हावेने बुडाला’ हा सोपा निष्कर्षही टाळ.

त्याऐवजी, धोक्याची घंटा वाजूनही काही हललं नाही अशा दोन जागा दाखव. २००६ मध्ये त्याचा भाऊ ल्यू झीश्यांग, वुहानमधला रेल्वे अधिकारी, स्थगित मृत्युदंडापर्यंत गेला. एप्रिल २००८ मध्ये शानडोंगमधल्या झिबोजवळ काम चालू असलेल्या, ताशी ८० च्या तात्पुरत्या मर्यादेच्या वळणावर एक गाडी १३१ च्या वेगाने आली. ती रुळावरून घसरली, समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि ७२ माणसं गेली. मंत्र्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि खुर्ची शाबूत राहिली. धोरण ठरवणारं, गाड्या चालवणारं आणि सुरक्षेवर देखरेख करणारं खातं एकच. त्याचे स्वतःचे पोलीस आणि स्वतःची न्यायालयंही होती. बाहेरून आत डोकावायला खिडकीच नव्हती.

पतनाच्या पायऱ्या गोंधळू नकोस. १२ फेब्रुवारी २०११ ला ‘शिस्तीचा गंभीर भंग’ या शब्दांत बातमी आली आणि पक्षातलं पद गेलं. ही भाषा पक्षाची आहे, त्या दिवशी गुन्हा दाखल झालेला नसतो. मंत्रिपद त्याच महिन्यात गेलं. मे २०१२ मध्ये पक्षातून हकालपट्टी, एप्रिल २०१३ मध्ये आरोपपत्र, ९ जूनला साडेतीन-चार तासांची सुनावणी, ८ जुलैला निकाल. मधले पंधरा महिने पक्षाच्या शिस्त आयोगाच्या चौकशीचे, आणि त्या चौकशीत वकील नसतो. सुनावणी एवढी आटोपशीर का, याचं बरचसं उत्तर त्या पंधरा महिन्यांत आहे. निकाल मृत्युदंडाचा, पण दोन वर्षं स्थगित. त्या काळात नवा गुन्हा घडला नाही की शिक्षा जन्मठेपेवर येते, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती आलीच. तुझ्या टिपणातलं ‘फाशी’ त्यामुळे खोड. मंत्रालय त्याआधीच, मार्च २०१३ मध्ये बरखास्त होऊन दोन भागांत विभागलं गेलं : नियमन एकीकडे, गाड्या चालवणारं महामंडळ दुसरीकडे.

सर्वांत जपून लिहायची गोष्ट वेन्झोऊच्या रेल्वे अपघाताची. २३ जुलै २०११ ची रात्र, ल्यूचं पद जाऊन पाच महिने झालेले. विजेच्या तडाख्याने वेन्झोऊ दक्षिण स्थानकाच्या सिग्नल यंत्रणेतला एक फ्यूज जळला. यंत्राला पुढची खरी माहिती मिळेना, तेव्हा त्याने बिघाडाआधीची शेवटची नोंदच खरी धरली. रुळावर डी-३११५ ही गाडी अडकली होती, नुकतीच हळूहळू सरकू लागली होती, आणि मागचा सिग्नल हिरवा होता. साडेआठच्या सुमारास मागून डी-३०१ ही गाडी येऊन तिच्यावर आदळली. ४० मृत्यू, १७२ जखमी. रेल्वेचा पहिला धडा असा की यंत्र आंधळं झालं तर लाल दाखवायचं. इथे उलट झालं. डिसेंबरमधल्या सरकारी अहवालाने त्या यंत्राच्या रचनेतला गंभीर दोष नोंदवला, घाईने दिलेली मंजुरी नोंदवली आणि जबाबदारांच्या यादीत ल्यूचंही नाव घातलं. पण अमुक लाचेमुळे हा अपघात झाला असं त्यात नाही, म्हणून तूही तसं लिहू नकोस. त्या चाळीस कुटुंबांना खरं कारण मिळायला हवं, आणि ते त्या फ्यूजपाशी आणि त्या मंजुरीपाशी आहे.

वाघिणींचा परिच्छेद आधी लिही. तो जमला की टेंडरांचा आपोआप सुटेल. आणि मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिही : पक्षाच्या पत्रकातला, निकालातला, की अपघाताच्या अहवालातला.

तुझ्या मसुद्याची वाट पाहतो.