उंदरांवर काम करायचं तर मन घट्ट कसं करावं?

पीएचडीसाठी मिळणारी जागा उंदरांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे, हे प्रयोग खरंच गरजेचे आहेत का, आणि असतील तर मन घट्ट कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते ऐकलं की अजूनही आतून काहीतरी उसळतं. मन घट्ट करू नका. मन मेलं की नजरही मरते, आणि या कामात नजरेवाचून काही चालत नाही.

मी पशुवैद्य. एका संशोधन संस्थेचं ॲनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगांचे प्राणी ठेवायची जागा, बरीच वर्षं माझ्याकडे होतं. तिथे अँक्झायटीवरच्या एका औषधाचं काम चालू होतं. नेहमीचीच टेस्ट, एलेव्हेटेड प्लस मेझ: उंचावर ठेवलेली अधिकच्या चिन्हाच्या आकाराची चौकट, दोन फळ्या उघड्या, दोन भिंतींनी बंद. औषध लागू पडलं तर उंदीर उघड्या फळ्यांवर जास्त वेळ काढणार. एका विद्यार्थिनीचे निकाल स्वच्छ यायचे आणि तिच्याच शेजारी बसणाऱ्या मुलाला फरकच दिसत नव्हता. तेच सी-५७ वाणाचे काळे उंदीर, तोच डोस, तीच खोली. विभागप्रमुखांनी त्या मुलाला मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत झापलं, हात साफ नाही म्हणून.

मी दोघांचंही काम उभं राहून पाहिलं. मुलाने पिंजऱ्यात हात घातला की उंदीर मागच्या कोपऱ्यात, घरट्याच्या कागदाखाली. मग शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरून वर. लटकतानाच उंदीर ग्लोव्हवर मुतायचा, लेंड्या टाकायचा, आणि तसाच मेझवर ठेवला की थेट बंद बाजूला जाऊन अंग चोरून बसायचा. मुलीच्या पिंजऱ्यात पारदर्शक प्लॅस्टिकची नळी कायम पडलेली असायची. ती नळी पुढे सरकवायची, उंदीर आपणहून आत शिरायचा, दोन्ही टोकांना हात लावून ती नळी उचलायची आणि मेझच्या मधोमध हलकेच कलती करायची. उंदीर बाहेर येऊन मिशा हलवत चारी बाजूंना हुंगायला लागायचा. प्रोटोकॉलमध्ये याची एक ओळही नव्हती. प्राणी कसा उचलला हे लिहायला रकानाच नाही, तर कोण लिहिणार?

हे नवं काही नव्हतं. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलं होतं की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाचा हात टाळतात आणि प्लस मेझवर जास्त घाबरलेले दिसतात, तर नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले तसे दिसत नाहीत. तो पेपर मी विभागप्रमुखांसमोर ठेवला. ते म्हणाले, "डॉक्टर, आपण इथे सायन्स करायला बसलोय, उंदरांचे लाड करायला नाही." पद्धत बदलली नाही. त्या मुलाने पुढे विषय बदलला.

लाड! घाबरलेल्या उंदरावर भीती कमी करण्याचं औषध तपासणं हे सायन्स, आणि त्याला न घाबरवता उचलणं हे लाड. मला हा वाद आजही मान्य नाही. वेदनेवर संशोधन करणाऱ्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की खोलीत पुरुषाचा नुसता वास असला तरी उंदरांना ताण येतो आणि त्या ताणानेच त्यांची वेदना दबते. मग तिथे वेदनाशामक तपासणाऱ्याने काय मोजलं? उंदराला सुमारे ३० अंशाला बरं वाटतं, आपण त्याला आपल्या सोयीने २० ते २४ अंशात ठेवतो. २०१३ मध्ये दिसलं की उबेत ठेवलेल्या उंदरांत कॅन्सरच्या गाठी हळू वाढतात. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो आपला 'नॉर्मल' कंट्रोल उंदीर मुळात गारठलेला असतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही त्रिसूत्री मांडली. तिसरं सूत्र बहुतेक लॅब नीतिसमितीच्या फॉर्मपुरतं पाळतात, हे माझं स्पष्ट मत.

गरज आहे का? काही ठिकाणी आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना जीवघेणा संसर्ग देऊन चौघांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते चारही जिवंत होते, बाकीचे चार मेले होते. तिथून पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे औषध माकडांत सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या हिश्शाएवढं दिलं, तरी सहाही तरुणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. प्राण्यांना कितीही नीट ठेवलं असतं तरी हे टळलं नसतं, तो प्रजातींमधला फरक आहे. आणि जिथे पेशींवर काम भागतं तिथे प्राणी वापरणं मला अक्षम्य वाटतं.

मी उंदीर आणि त्यांच्याहून मोठे रॅट एवढंच हाताळलंय. माकडं, कुत्री यांच्याबद्दल माझं ऐकू नका. प्रयोग संपला की प्राणी मारावा लागतो, तेही तुमच्याच हातून होईल आणि त्याचं वाईट वाटत राहील. वाटू द्या.

जागा स्वीकारण्याआधी एकदा त्यांच्या ॲनिमल हाऊसमध्ये जा. उंदीर कसा उचलतात, रँडमायझेशन (कोणता प्राणी कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं) आणि ब्लाइंडिंग (कोणाला औषध दिलंय हे मोजणाऱ्यापासून लपवणं) कोण करतं, प्रयोग मध्येच थांबवायची वेळ कोण ठरवतं, हे विचारा. शेपटीने उचलण्याचा विषय काढलात की बहुधा ऐकाल, "इंजेक्शन देताना मानगुटीला धरावंच लागतं, मग नळीचा उपयोग काय?" आमचे विभागप्रमुखही शेवटी याच मुद्द्यावर अडले होते आणि तेव्हा माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं. २०२० मध्ये ते छापून आलं: वारंवार धरलं, इंजेक्शन दिलं, भूल दिली, तरी नळीने उचललेल्या उंदरांमधला फायदा टिकतो. तो पेपर सोबत घेऊन जा. वाचायलाही तयार नसतील तर दुसरी लॅब शोधा.